वाचक विचारतात: वसंतात कोलोरॅडोवर गळ टाकायचा तर

फेब्रुवारी संपत आला की या सदराच्या पत्रपेटीत दुसरं काही येतच नाही, सगळे कोलोरॅडो नदीवर निघालेले असतात. फिनिक्स, वेगास, यूमा, सगळीकडून. यावेळी निवडक पत्रं घेतलीयत, एकसारखी होती ती एकत्र केलीयत, आणि पहिल्याचं उत्तर मुद्दाम लांब लिहिलंय कारण ते डोक्यात बसलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. बहुतेक बोलणं खालच्या कोलोरॅडोचं आहे, म्हणजे हूव्हर धरणापासून मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत, एक प्रश्न वरच्या लीज फेरीचा आहे आणि शेवटी थोडं सॉल्ट रिव्हरचं.

दादा, आम्ही मित्रमित्र मागच्या मार्चमध्ये बुलहेड सिटीला गेलो होतो. सकाळी नदी एकदम शांत, तळाचे गोटे दिसत होते, चांगले मासे लागले. अकराच्या सुमाराला पाणी वाढायला लागलं आणि बघता बघता आमच्या खुर्च्या, कूलर, सगळं पाण्यात. पाऊस तर शंभर मैलांत कुठे नव्हता. मग हे पाणी आलं कुठून आणि मासे एकदम गायब का झाले? (चँडलर)

धरणातून आलं, दुसरं कुठून येणार! बुलहेड सिटीच्या अगदी डोक्यावर डेव्हिस धरण आहे, १९५१ चं. त्याच्या वर हूव्हर, १९३५ चं, आणि खाली पार्कर आणि इम्पीरियल, दोन्ही १९३८ ची. म्हणजे तुम्ही ज्या नदीकाठी खुर्च्या टाकल्या तो दोन धरणांच्या मधला एक तुकडा आहे. धरणं व्हायच्या आधी इथे मे-जूनमध्ये रॉकीजचा बर्फ वितळून लाल गढूळ पूर यायचा, आता तो सगळा वर लेक पॉवेल आणि लेक मीड या धरणांमागच्या मोठ्या तलावांत अडतो आणि खाली येतं ते मोजूनमापून सोडलेलं पाणी, स्वच्छ, हिरवट आणि थंडगार. त्यामुळे इथे वसंतात नदी कशी असेल हे हवामानाच्या अ‍ॅपवर अर्धंच कळतं, उरलेलं धरणाच्या वेळापत्रकात असतं.

हे पाणी मागणारे दोघं आहेत. एक म्हणजे खालचे शेतकरी. यूमा, पालो व्हर्डे, इम्पीरियल व्हॅली, या सगळ्या वाळवंटात शेती चालते ती याच नदीवर, आणि मार्चपासून लसूणघास, खरबुजं, गहू, कापूस यांची तहान वाढत जाते. हूव्हरचं पाणी इम्पीरियल धरणाला पोचायला साधारण पाच दिवस लागतात, पार्करहून तीन, त्यामुळे सिंचनवाले आधीच ऑर्डर नोंदवून ठेवतात. दुसरी मागणी विजेची. दिवसभरात एकूण किती सोडायचं ते शेतीनं ठरतं पण कुठल्या तासाला किती सोडायचं ते विजेच्या मागणीवर ठरतं. म्हणून डेव्हिसच्या खाली एकाच दिवसात विसर्ग काही हजार क्युसेकवरून पंधरा हजारांच्या पुढे जाऊ शकतो आणि काठावर काही फुटांचा फरक पडतो. तुमच्या खुर्च्या त्यात गेल्या.

आता उपाय. ब्युरो ऑफ रेक्लमेशन, म्हणजे ही धरणं चालवणारं सरकारी खातं, हूव्हर, डेव्हिस आणि पार्कर या तिन्ही धरणांचा तासातासाचा अंदाज वेबसाइटवर टाकतं, फुकट आहे, आदल्या रात्री बघायचा. आपल्याकडे नळाला पाणी किती वाजता येणार हे कळल्याशिवाय घरातली कामं लागत नाहीत ना, तसंच आहे हे, आधी पाण्याची वेळ आणि मग बाकीचं सगळं प्लॅनिंग. पण लक्षात ठेवा, तक्त्यातला आकडा धरणाच्या दारातला असतो. तेच पाणी खाली नीडल्स गावाला पोचायला कित्येक तास जातात. याचा फायदाही होतो बरं का, बुलहेडला पाणी चढलं आणि मजा गेली तर गाडी काढून खाली जायचं, तिथे अजून सकाळचंच कमी पाणी चालू असतं.

आणि मासे गायब होत नाहीत हो. पाणी चढायला लागलं की पहिला तासभर नुसता कचरा वाहतो, तुटलेलं शेवाळ, पाणवनस्पती, प्रत्येक फेकीला गळावर हिरवा झुपका येतो आणि माणूस वैतागतो. त्याच वेळी मासे मधली धार सोडून काठाकडे सरकतात, नुकत्याच बुडलेल्या झुडपांत, मोठ्या दगडाच्या मागे, जिथे धारेशी झुंजावं लागत नाही तिथे. आपण मात्र सकाळी जिथे मिळाले तिथेच फेकत बसतो. उलट पाणी उतरताना बॅकवॉटरच्या तोंडाशी उभं राहायचं, आतली बारीक मासळी उतरत्या पाण्याबरोबर बाहेर येते आणि मोठे मासे तिची वाट बघत तिथे थांबलेले असतात. माझं मत विचाराल तर उतरतं पाणी सगळ्यात चांगलं, स्थिर पाणी त्याच्या खालोखाल, चढतं पाणी म्हणजे डबा उघडून जेवून घ्यायची वेळ.

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून सोडून देऊ नका. पाणी कमी असताना मधल्या वाळूच्या पट्ट्यावर चालत गेलात आणि मागचा फाटा भरला तर परत यायला पोहावं लागतं, तेही पन्नाशीतल्या फॅरेनहाइटच्या पाण्यात. लहान मुलं बरोबर असतील तर त्या पट्ट्यावर जायचंच नाही.

बाहेर ८५ डिग्री आणि पाण्यात पाय घातला तर बर्फ! वेगासला राहतो, मुलगा ९ वर्षांचा, त्याला ट्राउट पकडायचाय. विलो बीचला नेलं तर चालेल का? तिथे म्हणे राक्षसी स्ट्राइपर आहेत, ते नक्की काय प्रकरण आहे? लायसन्स नेवाडाचं चालेल का अ‍ॅरिझोनाचं लागेल तेही सांगा. (लास वेगास)

चालेल काय, लहान मुलासाठी याहून सोपी जागा वाळवंटात मिळायची नाही. हूव्हरमधून येणारं पाणी लेक मीडच्या खोल थरातलं असतं, वर्षभर साधारण ५४-५५ फॅरेनहाइट, म्हणजे १२-१३ सेल्सिअस. बाहेर काहीही तापो. इतक्या थंड पाण्यात ट्राउट खूश असतो, आणि विलो बीचलाच सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे, तिथून रेनबो ट्राउट नदीत सोडतात. काठावर मासेमारीचा धक्का आहे. मुलाला छोटा गळ, छोटा फ्लोट, गांडूळ नाहीतर पॉवरबेट नावाचं ते चकाकणारं तयार आमिष, बस्स.

स्ट्राइपर म्हणजे स्ट्राइप्ड बास. हा मूळचा अटलांटिकच्या किनाऱ्याचा, समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा. कोलोरॅडोत तो माणसानं आणला, १९५९ मध्ये खाली ब्लाइथकडे, आणि १९६९ पासून लेक मीडमध्ये. विलो बीचचे मोठे झाले ते याच ट्राउटवर. म्हणजे सरकार तुमच्यासाठी ट्राउट सोडतं आणि अर्धे हे महाराज गिळतात. म्हणून तिथले जुने लोक हातभर लांबीचा, ट्राउटसारखा दिसणारा रबरी किंवा लाकडी ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, दिवसभर फेकत बसलेले दिसतील. बहुतेकांना दिवसभरात काही लागत नाही, आणि ज्याला लागतो त्याला वीस-तीस पौंडांचाही लागू शकतो. नवख्यानं या नादी लागू नये, खांदा दुखतो आणि मासा मिळत नाही.

स्ट्राइपर मिळवायचाच असेल तर एप्रिल-मेमध्ये बुलहेड-लाफलिन पट्टा धरा. पार्कर धरणामागच्या लेक हवासूतले स्ट्राइपर टोपॉक गॉर्जमधून वर डेव्हिस धरणाकडे चढतात. पाणी साठीत, म्हणजे १६ ते १९ सेल्सिअसमध्ये आलं की अंडी घालतात. यांची अंडी बुडत नाहीत, धारेबरोबर वाहत वाहत फुटतात, त्यामुळे त्यांना वाहती नदी लागतेच. हे मासे तीन-चार पौंडांचे, पण झुंडीनं येतात. फ्रोजन अँकोव्ही (आपल्या मांदेलीच्या जातकुळीतली) तुकडे करून, वर शिसं लावून तळाजवळ वाहू द्यायची. याच्याइतकं स्वस्त आणि कामाचं आमिष नाही, महागड्या ल्युअरच्या डब्या घेऊन येणाऱ्यांना सांगून सांगून थकलो.

लायसन्स: विलो बीच अ‍ॅरिझोनाच्या काठावर आहे. तुमचा मुलगा ९ चा, अ‍ॅरिझोनात १० पासून लायसन्स लागतं, नेवाडात १२ पासून, कॅलिफोर्नियात १६ पासून. मोठ्यांनी जिथे उभे राहणार त्या काठाच्या राज्याचं घ्यावं, म्हणजे वाद नको. आणि पार्करच्या आसपास किंवा यूमाकडे जाल तर बराचसा काठ आदिवासी जमातींच्या मालकीचा आहे, तिथे त्यांचा वेगळा परवाना लागतो, राज्याच्या लायसन्सवर तिथे भागत नाही.

बोटीत बसलात तर मुलाला लाइफ जॅकेट घातलेलंच हवं, अ‍ॅरिझोनात १२ आणि त्याखालच्या मुलांना तो कायदाच आहे. पण मी म्हणतो तुम्हीही घाला. ८५ डिग्रीच्या उन्हातून माणूस ५४ डिग्रीच्या पाण्यात पडला की पहिल्या सेकंदालाच श्वास कोंडतो, चांगले पोहणारेही तिथेच गडबडतात.

यूमाला नवीन आलोय, शेतीसंबंधित काम. इथे मार्चमध्येच उन्हाळा वाटतो. कुठला मासा कधी, असा साधा हिशोब सांगाल का? आपली चिलापी इथे दिसली, बघून बरं वाटलं! (यूमा)

चिलापी (तिलापिया) सगळीकडे पोचलीय, उजनीत पोचली तशी यूमाच्या कालव्यांतही. तिला ऊब लागते, थंडी पडली की सुस्तावते, मे उजाडला की उथळ वाळूत गोल खड्डे करून बसलेली दिसेल. गळाला नखरे करते, गांडुळाचा अगदी छोटा तुकडा लावून बघा.

हिशोब पाण्याच्या तापमानाचा ठेवा, तारखेचा नको. यूमाकडे मुख्य नदीपेक्षा बॅकवॉटर आधी तापतं, मिट्री लेक, मार्टिनेझ लेक, फर्ग्युसन लेक ही सगळी नदीला जोडलेली उथळ पाणी, काठानं पाणकणीस दाट. तिथे फेब्रुवारीच्या शेवटीच पाणी साठीत जातं आणि लार्जमाउथ बास अंडी घालायला काठाशी येतो, तेव्हा वरती बुलहेडला नदी अजून गारठलेली असते. मार्च हा यूमाचा बासचा महिना. नर घरट्यावर पहारा देतो, त्याला पकडलंत तर लगेच तिथेच सोडा, दोन मिनिटं फोटो काढत बसलात तर तेवढ्यात ब्लूगिल हे छोटे सनफिश येऊन अंडी साफ करतात. पाणी सत्तरीकडे गेलं की ब्लूगिल आणि त्याचा भाऊबंद रेडइअर घरटी करतात, आणि सत्तरी ओलांडली की फ्लॅटहेड कॅटफिश जागा होतो. फ्लॅटहेड म्हणजे चपट्या डोक्याचा, पिवळट, इथे चाळीस पौंडांचाही नवलाचा नाही, रात्री चरतो. त्याला सडकं आमिष आवडत नाही, जिवंत मासा लागतो, पण आमिषाचा मासा ज्या पाण्यात पकडला त्याच पाण्यात वापरा, जिवंत मासा बादलीतून दुसरीकडे नेणं बेकायदेशीर आहे.

रेडइअरवरून आठवलं. लेक हवासूत २०२१ च्या मेमध्ये ६.३ पौंडांचा रेडइअर निघाला, या जातीचा इतका मोठा त्याआधी कुठे नोंदलेला नव्हता. खरं तर हा तळहाताएवढा मासा. हवासूत तो एवढा कसा होतो, तर क्वागा शिंपल्या खाऊन. या परदेशी शिंपल्या जानेवारी २००७ मध्ये लेक मीडमध्ये सापडल्या, मग पूर्ण खालच्या नदीत पसरल्या, पाइप बुजवतात, धरणवाल्यांचे हाल करतात, आणि रेडइअरच्या घशात शिंपल्या फोडायचे दात असतात त्यामुळे त्याची चंगळ झाली. बोट किंवा कयाक असेल तर बाहेर काढल्यावर प्लग उघडून सगळं पाणी काढायचं, पुसायचं, वाळवायचं. यात आळस नको, दुसऱ्या तलावात शिंपली गेली की परत निघत नाही.

फ्लॅगस्टाफला शिकते. लीज फेरीच्या ट्राउटबद्दल खूप ऐकलंय पण लोक म्हणतात आता तिथे पूर्वीसारखं राहिलं नाही. एप्रिलमध्ये जाण्यात अर्थ आहे का? (फ्लॅगस्टाफ)

अर्थ आहे, पण लोक म्हणतात ते खोटं नाही.

लीज फेरी ग्लेन कॅन्यन धरणाच्या खाली पंधरा मैलांवर. १९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, लाल गाळाची नदी काचेसारखी स्वच्छ झाली आणि इतकी थंड झाली की ट्राउट सोडल्यावर ते टिकले, वाढले, जगभरचे फ्लायवाले, म्हणजे गळाला कृत्रिम माशी लावून मासे पकडणारे, यायला लागले. हे सगळं अवलंबून होतं धरणामागचा लेक पॉवेल भरलेला असण्यावर, कारण विजेच्या पाइपांची तोंडं ठरावीक उंचीवर आहेत, तलाव भरलेला असला की ती खोल गार पाण्यात असतात. तलाव उतरला की तीच तोंडं वरच्या उबदार थराजवळ येतात. २०२३ च्या फेब्रुवारीत पॉवेल भरल्यापासूनच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेला होता. खाली कोमट पाणी आलं, त्यात ऑक्सिजनही कमी, ट्राउट घटले. आणि त्याच कोमट पाण्याबरोबर तलावातले स्मॉलमाउथ बास टर्बाइनमधून सुटून खाली आले, २०२२ च्या उन्हाळ्यात धरणाखालच्या एका डबक्यात त्यांची पिल्लं सापडली. हा बास खाली ग्रँड कॅन्यनमधल्या हम्पबॅक चब या नदीच्या मूळच्या माशाला खाऊ शकतो, म्हणून सगळी धावपळ. २०२४ च्या जुलै ते नोव्हेंबर धरणाच्या खालच्या पाइपांतून गार पाणी मिसळून सोडलं, तेवढी वीजनिर्मिती बुडाली पण नदी थंड राहिली. तुम्हाला स्मॉलमाउथ लागला तर पाण्यात परत सोडू नका. ब्राउन ट्राउटचंही तेच, नॅशनल पार्क सर्व्हिसनं २०२० च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक मोठ्या ब्राउनमागे २५ डॉलर द्यायला सुरुवात केली होती, म्हणजे मासा पकडा आणि पैसे घ्या! स्कीम सध्या कशी चालूय ते जाण्याआधी बघून घ्या, विद्यार्थ्याला पेट्रोलचे पैसे सुटले तर काय वाईट.

एप्रिलचा फायदा असा की वसंतात पाणी अजून गार असतं, उकाड्याचा त्रास उन्हाळ्याच्या शेवटी होतो. धरणाचं पाणी वर-खाली करायला इथे नियम आहेत, दिवसा सात ते सात किमान ८,००० क्युसेक, रात्री ५,०००, आणि एका तासात ४,००० क्युसेकपेक्षा जास्त वाढवायचं नाही. त्यामुळे बुलहेडसारखा धक्का बसत नाही पण काठ सरकतोच. कधी वसंतात मुद्दाम मोठा पूर सोडतात, वाळूचे काठ परत तयार व्हावेत म्हणून. १९९६ मध्ये पहिल्यांदा सोडला, आणि २०२३ च्या २४ ते २७ एप्रिलला ३९,५०० क्युसेक, तीन दिवस. अशा आठवड्यात गेलात तर नुसतं बघून परत यावं लागेल, म्हणून आधी चौकशी.

खाणं म्हणाल तर इथल्या ट्राउटचं मुख्य अन्न चिलटं, मिज. मिजच्या अळ्यांसारख्या दिसणाऱ्या बारीक कृत्रिम माश्या लावा, १८-२० नंबरच्या. पाणी रोज वर-खाली झालं की काठाच्या दगडांवर घातलेली किड्यांची अंडी वाळून मरतात, म्हणून २०१८ पासून काही वर्षं मे ते ऑगस्ट शनिवार-रविवारी पाणी मुद्दाम कमी आणि स्थिर ठेवून बघितलं. मला ही कल्पना फार आवडते, एवढं अवाढव्य धरण आणि विचार चिलटाच्या अंड्याचा. लीज फेरीहून वर धरणापर्यंत फक्त कृत्रिम माशी आणि ल्युअर, आणि गळाच्या टोकाशी असतो तो उलटा काटा (बार्ब) नको, पकडीनं दाबून टाका.

आमच्या घरामागे सॉल्ट रिव्हर प्रोजेक्टचा कालवा आहे. त्यात केवढाले गवत्ये फिरतात! एक काढला तर? (टेंपी)

काढू नका. कालव्यातलं गवत खायलाच ते सोडलेत, लागला तर तिथल्या तिथे परत सोडायचा असा नियम आहे. लायसन्स असेल तर त्याच कालव्यात काठावरून कॅटफिश, बास, सायप्रिनस (कॉमन कार्प) खुशाल पकडा. मात्र हवासूहून फिनिक्सला पाणी आणणारा सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रोजेक्टचा मोठा कालवा वेगळा, त्याला कुंपण आहे, आत जायचं नाही.

बाबा एप्रिलमध्ये इंदापूरहून येतायत. आयुष्य उजनीवर गेलं, पाग टाकण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. पाग बॅगेत घालून आणू का विचारतायत. त्यांना नदी दाखवायचीय. (गिल्बर्ट)

बाबांना सांगा पाग घरी राहू दे. इथे बास, ट्राउट, कॅटफिश हे गळानंच पकडायचे, छोटं फेकजाळं चालतं ते फक्त आमिषाच्या बारीक मासळीला, त्याचंही माप ठरलेलं आहे. त्यांना नॉनरेसिडेंट लायसन्स लागेल, एका दिवसाचंही मिळतं. साधा लांब गळ आणि फ्लोट द्या, तेवढ्यावर ते तुम्हाला मागे टाकतील.

त्यांना न्यायचंच तर डेव्हिस धरणामागच्या लेक मोहावेकाठी न्या, आणि नदीचे मूळचे मासे काय होते ते सांगा, उजनीच्या माणसाला ते लगेच पोचेल. धरणांच्या आधी इथे कोलोरॅडो पाइकमिनो होता, सहा फुटांपर्यंत वाढायचा, खालच्या नदीतून तो संपला. रेझरबॅक सकर अजून आहे, डोक्यामागे धारदार उंचवटा, होडीच्या उलट्या कण्यासारखा. लेक मोहावेत तो हिवाळा संपताना काठाच्या खडीत अंडी घालतो. पण पिल्लं जगत नाहीत, बाहेरून आणलेले बास आणि सनफिश खातात, त्यामुळे संशोधक रात्री पाण्यात दिवे लावतात, उजेडाकडे आलेली इवलीशी पिल्लं गाळून घेतात, विलो बीचच्या केंद्रात वाढवतात आणि मोठी झाल्यावर परत सोडतात. १९९० च्या दशकापासून हे चालूय. तिसरा बोनीटेल, शेपटीकडे पेन्सिलएवढा बारीक. यातला कुठलाही गळाला लागला तर ओल्या हातानं, पाण्यातच गळ सोडवून सोडायचा, हे कायद्यानं संरक्षित आहेत.

दादा, नदीतला मासा खावा का? मिस्टर आणतात आणि मी विचारात पडते. घरात सून गरोदर आहे. (फिनिक्स)

ताई, खावा, पण कुठला आणि किती ते बघून. मोठा, जुना, दुसऱ्या माशांवर जगणारा जितका जास्त, तितका त्याच्यात पारा जास्त. म्हणजे मोठा स्ट्राइपर, मोठा बास, मोठा फ्लॅटहेड हे फोटोला चांगले. लहान ट्राउट, ब्लूगिल, चिलापी बऱ्या. सुनेच्या बाबतीत अंदाजानं जाऊ नका, कॅलिफोर्निया सरकारनं खालच्या कोलोरॅडोसाठी माशागणिक, आणि बायका-मुलांसाठी वेगळा असा आठवड्याचा तक्ता काढलाय, अ‍ॅरिझोनाच्याही सूचना आहेत, तो तक्ता डॉक्टरांना दाखवा. स्ट्राइपर साफ करताना कातडीखालचा तांबडा पट्टा काढून टाका, उग्र वास त्यातच असतो. मग हळद, मीठ, आगळ लावून अर्धा तास. कालवणाला छान लागतो, तळायला त्याहून छान. सायप्रिनसच्या काट्यांच्या वाटेला जायची ताकद माझ्यात नाही.

एप्रिलमधला एकच शनिवार मिळतोय. फिनिक्सहून कुठे जाऊ? (स्कॉट्सडेल)

वारा बघा आधी. वसंतात इथे थंड हवेचा पट्टा सरकला की तीस-चाळीस मैल वेगानं वारा सुटतो, हवासूवर लाटा उठतात, छोटी बोट म्हणजे नसती आफत, आणि काठावर उभं राहून फेकलेला गळ आपल्याच टोपीत येतो. अंदाजात वीस मैलांच्या वर आकडा दिसला तर चार तास गाडी चालवून जाऊच नका. तसाही स्प्रिंग ब्रेकला हवासू म्हणजे जेट स्की आणि डीजे, मासे वगैरे कुणाला पडलेले नसतात. वारा नसेल तर बुलहेड, पहाटे पोचायचं आणि तक्ता बघून उतरतं पाणी गाठायचं.

वारा असेल तर घराजवळची लोअर सॉल्ट, सग्वारो लेकच्या खालची, दोन्ही बाजूंना डोंगर त्यामुळे जरा आडोसा मिळतो. तिथेही पाण्याची गोष्ट तीच, हिवाळ्यात शहराला पाणी बहुतेक व्हर्डे नदीतून देतात त्यामुळे सॉल्ट अगदी बारीक धार असते, आणि मेच्या सुमाराला पाणीवाले सॉल्टवर आले की ती एकदम दुथडी भरते आणि ट्यूबवर बसून तरंगत जाणाऱ्यांची जत्रा सुरू होते. एप्रिल मधला आहे, खोल डोहांत थांबलेले ट्राउट आणि बास मिळतात, फार चालावं लागत नाही. गरुडांच्या घरट्यांमुळे काही पट्टे जूनपर्यंत बंद असतात, पाट्या वाचा. रानटी घोडे दिसतील, लांबूनच बघा. दगडावर हात टेकायच्या आधी मागे बघा, रॅटलस्नेक याच दिवसांत उन्हाला येतात. आणि टॉन्टो पास, म्हणजे तिथे गाडी लावायचा परवाना, गावातच विकत घेऊन ठेवा, नदीकाठच्या पार्किंगला पैसे घेणारं कुणी नसतं, दंडाची चिठ्ठी लावणारं मात्र असतं.